फक्त चढावर तापणारी गाडी: एका रेडिएटरचं प्रकरण

तक्रार अशी होती. गर्दीत कितीही रखडा, तापमानाचा काटा मध्यावर. सपाट हमरस्त्यावरही काही त्रास नाही. पण लांब चढ लागला, गाडीत चार माणसं असली आणि एसी चालू असला, की निम्मा चढ संपायच्या आत काटा वर सरकायला लागतो. वर पोचून जरा थांबलं की परत जागेवर. नऊ वर्षं जुनी पेट्रोल सेडान, एक लाख दहा हजार किलोमीटर चाललेली. मालकीणबाई स्वतः चालवतात आणि नोकरीसाठी दर आठवड्याला तोच डोंगररस्ता चढतात, त्यामुळे गाडीचं वागणं त्यांना पाठ होतं. कुठल्या वळणाच्या आसपास काटा हलतो हेसुद्धा त्या सांगू शकत होत्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी निघता निघता सांगितली. "पाणी दर आठवड्याला घालावं लागतं. तेवढं चालायचंच ना जुन्या गाडीत?"

अजिबात नाही. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची यंत्रणा बंदिस्त असते. धडधाकट गाडीत वर्षभरात बाटलीतली पातळी बोटभर खाली गेली तर गेली. दर आठवड्याला अर्धा लिटर लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. चढावरचा काटा ही त्यांच्या दृष्टीने मुख्य तक्रार होती, मला मात्र ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली.

आधीचे उपाय

आमच्याकडे येण्याआधी गाडी दोन गॅरेजं फिरून आली होती. पहिल्या ठिकाणी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, फरक शून्य. दुसऱ्या ठिकाणी रेडिएटरचं झाकण बदललं, आणि पाणी कमी लागायच्या ऐवजी जास्तच लागायला लागलं. बाईंनी अर्थ काढला की नवं झाकण डुप्लिकेट असणार. तिथेच त्यांना सांगण्यात आलं की आता हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं असेल, हेड उतरवून बघावं लागेल. हेड उतरवायचं म्हणजे इंजिनाचं मोठं काम, म्हणून त्या आणखी एक मत घ्यायला आल्या होत्या.

थर्मोस्टॅटवर संशय घेण्यात गैर काही नव्हतं. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी कुठेही तापते, पण अर्धवटच उघडत असेल तर असंच चढावर तापू शकते. मात्र नवा टाकूनही काटा तसाच वर जातोय म्हटल्यावर त्याची चौकशी तिथे संपायला हवी होती आणि पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. झाकणाची गोष्ट जास्त बोलकी होती, पण तिचा अर्थ नंतर लागला.

कधी तापते?

गाडी तापते म्हणून कोणी आलं की मी आधी हेच विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत बॉनेट उघडत नाही. गाडी उभी असताना किंवा रांगेत सरकताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की थंड होत असेल, तर पहिला संशय फॅनवर: मोटर, रिले, वायरिंग, किंवा फॅन चालू करायला सांगणारा सेन्सर. वेगात असताना समोरून येणारा वाराच पुरेसा असतो, फॅनची गरज पडत नाही. उलट, उभी असताना शांत आणि जोर लावला की तापते, अशी गाडी वेगळं सांगत असते. हवा मिळतेय, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी पडतेय. मग एक तर कूलंट पुरेसा फिरत नाही, किंवा रेडिएटरची जाळी आतून वा बाहेरून बुजली आहे.

यामागचं गणित सोपं आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला कूलंटमार्फत रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. सपाटीवर इंजिन आरामात चालतं, तेव्हा हे ओझं बेताचं असतं. भरलेली गाडी चढावर ओढताना ते दुप्पट, तिप्पट होतं. रेडिएटर नवा असताना या चढाचा हिशेब करूनच बसवलेला असतो. त्यातल्या काही नळ्या बंद पडल्या तरी सपाटीला उरलेल्या पुरतात, म्हणून रोजच्या वापरात काहीच कळत नाही. कमतरता उघडी पडते ती फक्त पूर्ण भारावर. बाईंच्या गाडीचं वर्णन या साच्यात नेमकं बसत होतं.

स्कॅनर लावून तोच चढ

गॅरेजमध्ये उभी करून ही गाडी कधीच तापली नसती, म्हणून स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) जोडून त्यांच्याच रस्त्यावर नेली. सपाटीला कूलंटचं तापमान ९२ ते ९६ अंश. चढ सुरू झाल्यावर ९९, मग १०३, १०७. इतकं होईपर्यंत डॅशबोर्डवरचा काटा मध्यावरून तसूभरही हलला नव्हता.

बऱ्याच गाड्यांमध्ये हा काटा मुद्दामच असा बांधलेला असतो. साधारण पंचाहत्तरपासून शंभराच्या बऱ्याच पुढेपर्यंत तो मध्यावरच थांबतो, म्हणजे चालवणाऱ्याला उगाच धाकधूक नको. त्यामुळे काटा हलायला लागला म्हणजे आता तापायला सुरुवात झाली असं समजणं चुकीचं आहे, सुरुवात केव्हाच झालेली असते. कूलंट फारच कमी झाला असेल तर आणखी विचित्र घडतं. सेन्सरभोवती पाण्याऐवजी वाफ किंवा हवा राहते आणि इंजिन भाजून निघत असताना काटा चक्क खाली पडतो. हा काटा बनवणाऱ्यांनी चालकाच्या मनःशांतीचा विचार इंजिनापेक्षा जास्त केला, असं माझं जुनं मत आहे.

१०९ च्या आसपास काटा हलला आणि १११ ला एसीची हवा एकदम कोमट झाली. इंजिन फार तापलं की कॉम्प्रेसर बंद करून भार कमी करायचा, अशी सोय कंट्रोल युनिटमध्ये असते. मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हे तर गेल्या उन्हाळ्यापासून होतंय. मला वाटलं एसीचा गॅस कमी झालाय." म्हणजे गाडीने कितीतरी महिने आधीपासून तक्रार केली होती, पण ती एसीच्या तोंडून.

एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा जोरात केला. हीटरच्या जाळीतूनही तोच कूलंट फिरतो, त्यामुळे थोडी उष्णता गाडीच्या आत सोडता येते. अडचणीत करायचा हा जुना आणि खरा उपाय आहे. तापमान दोनच अंशांनी उतरलं, आणि हीटरची हवा डावीकडून गरम येत होती तर उजवीकडून जेमतेम कोमट. ही खूण लक्षात ठेवून गाडी मागे वळवली.

उभ्या गाडीची तपासणी

फॅन ९८ ला सुरू होत होता आणि ९२ ला थांबत होता, दोन्ही गतींवर. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते, तिथे माती, किडे, सुकी पानं अडकून गादी तयार होते, आणि पुढून बघणाऱ्याला कंडेन्सर स्वच्छच दिसतो. इथे थोडी घाण होती. काढली, पण ती एवढ्या त्रासाला पुरेशी नव्हती. खालच्या कडेला जाळीच्या पात्यांवरून बोट फिरवलं तर ॲल्युमिनिअमचा भुगा झाला. पाती कुजून नळीपासून सुटली की नळीतली उष्णता हवेला मिळतच नाही. हे मात्र नोंदवून ठेवण्याजोगं होतं.

हेड गॅस्केटचा आरोप निकालात काढणं गरजेचं होतं. इंजिन थंड असताना झाकण काढून सुरू केलं, बुडबुडे नाहीत. (तापलेल्या इंजिनाचं झाकण काढायचं नाही, फडकं लावूनही नाही. दाब सुटताच आतला कूलंट उसळून अंगावर येतो.) इंजिनातलं तेल स्वच्छ, दुधाळ नाही. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर होस पाइप फुगून कडक झाला नाही. शेवटी रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावातून ओढून बघितली. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर हा द्राव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. वॉटर पंपच्या गळतीच्या भोकाखाली ओल नव्हती. इंजिन गरम करून मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर धरलं तेव्हा मात्र खालचा होस किंचित आत ओढला जात होता. पंप जोरात ओढतोय आणि रेडिएटरकडून तेवढं येत नाही, याची ही खूण. म्हणजे पंप त्याचं काम करत होता.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर. याचा एक धोका आधी सांगतो: चकचकीत ॲल्युमिनिअमवर तो धडधडीत खोटं वाचतो. म्हणून जाळीवर काळी इन्सुलेशन टेप थोड्या थोड्या अंतरावर चिकटवली, इंजिन पूर्ण गरम केलं आणि फॅन थांबल्यावर इंजिनाच्या बाजूने एकेक जागा मोजली. या गाडीत कूलंट आडवा वाहतो, टाक्या डाव्या-उजव्या बाजूंना. वरच्या नळ्या आत शिरताना ९३, बाहेर पडताना ८५ च्या आसपास. मधल्या तशाच, एखाददोन अंश कमी. खालच्या तिसऱ्या हिश्श्यात आकडे धाडकन कोसळले: ६१, ५४, ४८. तिथून गरम पाणी जातच नव्हतं. गाळ खाली बसतो, त्यामुळे आडव्या प्रवाहाच्या रेडिएटरमध्ये आधी खालच्या नळ्या जातात. रेडिएटर आतून बुजलाय की नाही हे न उघडता सांगणारी याहून सरळ चाचणी मला माहीत नाही, आणि तरीही ती किती कमी ठिकाणी केली जाते याचं मला नवल वाटतं.

आता पाणी कुठे जातंय तो प्रश्न. थंड इंजिनावर हातपंपाने १.१ बार दाब भरला. पंधरा मिनिटं काटा हलला नाही. गाडीखाली थेंब नाही, होसच्या क्लॅम्पना ओल नाही. बहुतेक वेळा चाचणी इथे थांबते आणि ‘गळती नाही, म्हणजे पाणी इंजिन खातंय, म्हणजे हेड गॅस्केट’ अशी साखळी सुरू होते. आधीच्या गॅरेजमध्ये बहुधा असंच झालं असावं.

पण सगळ्याच गळत्या थंडीत दिसत नाहीत. या रेडिएटरची मधली जाळी ॲल्युमिनिअमची, बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या. मध्ये रबरी सील घालून ॲल्युमिनिअमच्या दातांनी टाकी दाबून बसवलेली. गरम झाल्यावर दोन्ही पदार्थ वेगवेगळे प्रसरण पावतात. सील नवं असताना हा फरक ते पोटात घेतं, जुनं होऊन कडक झालं की जोडात फट पडते. दाबपंप तसाच लावून ठेवून इंजिन सुरू केलं आणि टॉर्च घेऊन उजव्या टाकीच्या जोडावर नजर ठेवली. फॅनची दुसरी फेरी झाल्यावर खालून तिसऱ्या-चौथ्या दाताजवळ एक बारीक ओलसर रेघ उमटली. थेंब होऊन ती खाली पडलीच नाही. गरम धातूवर तिथल्या तिथे वाळली आणि मागे पांढरट-हिरवट पापुद्रा राहिला. नीट बघितलं तर त्या जागी अशा पापुद्र्यांचे थरावर थर होते. जमिनीवर कधी डाग न पडता आठवड्याला अर्धा लिटर जातो तो असा. चढ संपवून थांबल्यावर बाईंना कधीकधी गोडसर वास यायचा, तोही याचाच. कूलंटमधलं ग्लायकोल (पाण्यात मिसळायचं मूळ द्रव्य) तापलं की तसा वास येतो.

झाकणाचं कोडंही इथे सुटलं. जुन्या झाकणाची स्प्रिंग ढिली झाली होती, ती लवकर दाब सोडून द्यायची, त्यामुळे जोडावर पूर्ण दाब कधी आलाच नाही. नवं झाकण चांगलं होतं. त्याने १.१ बार दाब इमानदारीने धरला आणि दुबळा जोड जास्त पाझरायला लागला. नवं झाकण टाकल्यावर गळती वाढणं ही स्वतःच एक चाचणी आहे, फक्त तिचा निकाल उलटा वाचला गेला.

दोन दोष की एकच?

कूलंटचा नमुना चहाच्या रंगाचा निघाला. रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणात ग्लायकोल किती आहे ते सांगणाऱ्या उपकरणावर) गोठणबिंदू उणे आठ अंशांच्या जवळ, म्हणजे त्यात ग्लायकोल साधारण वीस टक्केच उरलं होतं. निम्मं-निम्मं मिश्रण असतं तर हा आकडा उणे सदतीसच्या आसपास असायला हवा. बाकी सगळं नळाचं पाणी. मध्ये एकदा कोणीतरी गुलाबी कूलंटमध्ये हिरवा ओतला होता, तेही बाईंना आठवलं. रंगावरून कूलंटची जात ओळखता येत नाही, प्रत्येक कंपनी आपापला रंग ठरवते. पण वेगळ्या जातीचे रासायनिक घटक एकत्र आले की काही वेळा साका तयार होतो. इथे त्याचा वाटा किती, हे सांगणं कठीण.

मुख्य वाटा पाण्याचा होता. कठीण पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार सहज असतात. पाणी तापलं की ते चुन्यासारखे बाहेर पडून चिकटतात. यंत्रणा एकदाच भरली तर आत जातील तेवढेच क्षार जमतात आणि प्रकरण तिथे संपतं. पण आठवड्याला अर्धा लिटर या दराने वर्षाला २६ लिटर ताजं पाणी आत गेलं, म्हणजे सात-आठ ग्रॅम क्षार. ऐकायला किरकोळ वाटतं. ज्या नळीचं तोंड आतून दीड-दोन मिलिमीटर उंचीचं असतं, तिला मात्र ते पुरतं. शिवाय प्रत्येक वेळी कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होत गेली, इंजिनाच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकला गंज धरला आणि तो गंज त्याच नळ्यांमध्ये येऊन बसला.

म्हणजे आधी जोड पाझरला. मग पाझर भरून काढायला पाणी घातलं. त्या पाण्याने नळ्या बुजवल्या, आणि बुजलेल्या नळ्यांमुळे गाडी तापून जोडावर आणखी ताण आला. पहिल्याच महिन्यात कोणी पातळी का उतरते याचा माग काढला असता तर एवढ्या जोडाचंच काम होतं.

चढावर १११ अंश हा आकडा धोक्याचा का, तेही यातूनच कळतं. पूर्ण दाबाखाली निम्मं-निम्मं मिश्रण सव्वाशेच्या पुढे उकळतं. पातळ झालेला कूलंट आणि दाब न धरणारा जोड असेल तर उकळबिंदू शंभराच्या जरा पुढे येतो. १११ वर हेडच्या सर्वांत गरम जागी वाफ व्हायला लागली असण्याची पूर्ण शक्यता होती. वाफ धातूची उष्णता नीट ओढत नाही. आणखी एखादा उन्हाळा असाच गेला असता तर हेड वाकलं असतं आणि गॅस्केटचं भाकीत खरं ठरलं असतं.

दुरुस्ती

बाईंनी रास्त प्रश्न विचारला: फ्लश करून भागणार नाही का? पूर्वीचे तांबं-पितळेचे रेडिएटर असते तर टाकीच्या जोडाचं सोल्डर वितळवून, टाकी काढून नळ्यांमध्ये सळई घालता आली असती. या बांधणीत ते शक्य नाही. रासायनिक फ्लश ज्या नळ्या आधीच उघड्या आहेत त्यांतूनच वाहतो, पूर्ण बुजलेलीत शिरतच नाही. बाटलीतली गळती बंद करणारी औषधं तर मी या गाडीत कोणालाही घालू दिली नसती. त्यांना जोड आणि बारीक नळी यातला फरक कळत नाही, दोन्ही बंद करतात. पाती कुजलेली, जोड गेलेला, तिसरा हिस्सा बंद. रेडिएटर बदलणं हाच मार्ग होता.

काढलेला रेडिएटर पूर्ण रिकामा करूनही नव्यापेक्षा हाताला स्पष्ट जड लागला. बाईंसमोरच टाकीचे दात उचकटून ती वेगळी केली. वरच्या नळ्यांची तोंडं मोकळी, कडेला फक्त तांबूस साय. खाली मात्र तोंडांची जागाच दिसत नव्हती. करडा, टणक थर सपाट पसरलेला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तरी पावडर निघायची, नळी उघडत नव्हती. रबरी सील चपटं होऊन कडक झालेलं, वाकवताच तुटलं.

नवा रेडिएटर बसवण्याआधी इंजिनाचा ब्लॉक निथळ पाणी येईपर्यंत धुतला. हे टाळलं तर ब्लॉकमधला गंज नव्या नळ्यांत जाऊन बसतो आणि वर्ष-दोन वर्षांत तीच रड. दोन्ही मोठे होस आतून मऊ पडले होते, तेही बदलले. झाकण होतं तेच ठेवलं, त्याचा काही दोष नव्हता. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचा कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून भरला, आणि यंत्रणेतली हवा काढायला वेळ दिला. हवेचा बुडबुडा आत राहिला तर नव्या रेडिएटरवरही गाडी तापते, आणि मग लोक नव्या भागाला नावं ठेवतात.

तोच चढ, तेवढीच माणसं, एसी चालू: ९४ ते ९८. एसी थंडच राहिला.

हीटर मात्र पूर्ण सुधारला नाही. उलट्या दिशेने पाणी सोडून त्याची छोटी जाळी धुतली, बराच गाळ निघाला, उजवी बाजू आधीपेक्षा गरम झाली पण डाव्या बाजूइतकी नाही. ती जाळी बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. सध्या ती गळत नाही, म्हणून तूर्त तशीच ठेवायचं ठरलं. बाईंना बाटलीवर मार्करने रेघ मारून दिली आहे. सकाळी, इंजिन थंड असताना पातळी बघायची, आणि खाली गेली तर पाणी न घालता फोन करायचा. नव्या जोडाला डाग नसताना पातळी उतरली तर पुढचा संशय याच हीटरवर असेल. त्या वेळी समोरची काच आतून पुन्हा पुन्हा तेलकट धुरकट होईल आणि पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागेल.